एकशे सात अंश

एकतीस वर्षं मी अमोनियाला वासावरून ओळखलं.
डोळ्यांत पाणी यायच्या आधी
नाकाच्या शेंड्यात एक टाचणी टोचते,
मग कुठला व्हॉल्व्ह, कितव्या मजल्यावरचा,
हे मी झोपेतही सांगायचो.
आकार कुणी विचारला नव्हता.

परवा समोरच्या ब्लॉकमधली हेतवी आली,
हातात मंगळबाजारातून आणलेलं फुग्यांचं पाकीट.
"काका, तुम्ही खताच्या कारखान्यात होता ने,
मग अमोनियाचा आकार शिकवा.
सोमवारी पेपर आहे."

दांडिया बाजारातला आमचा दुसरा मजला.
उत्तरायणातला उरलेला मांजा खिडकीत पडला होता,
दोरा म्हणून तोच घेतला.
चार फुगे. तिसऱ्यालाच मला धाप लागली,
चौथा तिनं फुगवला.
चौघांच्या माना एकत्र आवळून गाठ मारली
आणि सोडून दिलं.

त्यांना कुणी काही सांगितलं नाही.
रबरावर रबर घासत, कुरकुरत
ते आपले आपण सरकले:
तीन खाली, पाय फाकून,
एक वर, आढ्याकडे तोंड करून.
हेतवीनं कंपासपेटीतला कोनमापक लावून पाहिला,
गोलाईवर तो टेकतोय कुठला!
"एकशे नऊ," मी म्हणालो, "आणि वर अर्धा."

चौघांना एकमेकांचा जाच सारखा,
गाठ तर सुटत नाही,
मग ज्यानं त्यानं जमेल तितकं लांब बसायचं.
आमच्या सोसायटीच्या मीटिंगला
खुर्च्या अशाच लागतात.

"आता हा वरचा. याच्या टोकाला हायड्रोजन नाही.
याला म्हणायचं एकाकी जोडी."
तिनं लिहिलं. पेन थांबलं.
"जोडी, ने एकाकी? ते कसं, काका?"

आतून, लसूण सोलता सोलता, कुमुद म्हणाली,
"राहायला ये आमच्याकडे चार दिवस.
कळेल."

हेतवी हसली.
मी हसलो की नाही, आठवत नाही.

मांजा शेवटी काचेचा.
वरच्या फुग्याला कुठेतरी घासला असणार.
फट्!
आणि उरलेल्या तिघांनी,
कुणी हातही न लावता,
माना वर काढल्या, टेबलावर पसरून सपाट झाले,
पंख्याच्या तीन पात्यांसारखे.

पोरगी बराच वेळ बघत राहिली.
मग बोलली ते माझ्या डिप्लोमात नव्हतं:
"म्हणजे वरचा खरंच गेला, की हे असे सरळ होतात.
अमोनियात तर तिघं वाकलेले आहेत.
म्हणजे वर कुणीतरी आहे.
दिसत नाही, पण आहे."

आहे, मी म्हणालो. आणि जागा जास्त खातं.
पलीकडून ओढून धरणारं कुणी नाही ना,
म्हणून केंद्रापाशीच ऐसपैस पसरतं.
एकशे नऊचे एकशे सात होतात ते त्याच्यापायी.
अडीच अंश.
एवढ्यानं काय होतं, असं वाटेल.
पण सगळा रेणू एका बाजूला कलतो.

कुमुद लीलो चेवड्याची बशी घेऊन आली,
आमच्या दोघांच्या मधोमध ठेवली.
मी खुर्ची थोडी सरकवली.
किती, ते मोजलं नाही.

जाताना हेतवीनं भावासाठी एक फुगा सोडवून नेला.
उरलेले दोन लगेच
एकमेकांकडे पाठ करून सरळ रेषेत आले.
ते मी हिंचक्याच्या फळीवर ठेवले.

सकाळी पाहिलं तर सुकलेल्या चिकूएवढे झालेले,
सुरकुत्या पडलेल्या.
हवा निम्मी गेली होती.
कोन तोच.

"फेकू का?" कुमुदनं विचारलं.
झाडू तिच्या हातात होता.
म्हटलं, राहू दे.
ती फळीच्या एका टोकाला बसली, चहा घेऊन.
दुसरं टोक मोकळं होतं.